भाजीचीही वर्गणी काढू या

आठवडी बाजार उठायच्या वेळी तिवशातल्या वस्तीच्या बाया पिशवी घेऊन बाहेर पडतात. दिवसभर निंदणाला गेलेल्या असतात, अंग दुखत असतं, पण हीच वेळ साधावी लागते, कारण दिवेलागणीला ढिगाचा भाव पडतो. त्या ढिगात काय असतं ते आम्ही कित्येकदा उलटंपालटं करून पाहिलं आहे. उन्हात मलूल झालेली मेथी, देठं काळी पडलेला पालक, किडकी वांगी. मग बाई आलू-कांदे घेते आणि घरी येते. आलू टिकतो, पोरं खातात, तेलात परतला की भाकरी खपते. आठवड्यातले चार दिवस आलू, एक दिवस बेसन, एक दिवस ठेचा, उरलेल्या दिवशी वरण. जिने सकाळी कुणाच्या तरी मेथीचे वाफे निंदले, तिच्याच ताटात हिरवं पान नाही.

दवाखान्यात नोकरी करत असताना आम्ही गरोदर बायांचं रक्त तपासायचो आणि लोहाच्या गोळ्या हातात द्यायचो. आता नोकरी सोडून वस्त्यांमध्ये फिरतो, तेव्हा त्या गोळ्यांची पाकिटं फडताळात पडलेली दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हाच आकडा ४८ टक्के होता. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांमध्ये तो ६८.९ टक्के आहे. म्हणजे दहा लेकरं खेळत असतील तर त्यातल्या जवळजवळ सातांचं रक्त कमी आहे. गोळ्या घ्यायलाच हव्यात, त्याबद्दल वाद नाही. पण रोजच्या जेवणातच काही नसेल तर गोळी एकटी किती पुरणार?

आमच्या आईच्या पिढीकडे बाजाराशिवायही एक भाजीचं ठिकाण होतं. ते म्हणजे शेताचा धुरा. पावसाच्या पहिल्या सरीनंतर तरोटा यायचा, मग चिवळ, घोळ, तांदुळजा, कुरडू. आषाढात वाघाटे, श्रावणात कटुले. शेत मालकाचं असलं तरी धुऱ्यावरची भाजी खुडायला कुणी अडवायचं नाही. परतताना ओटीत भाजी असायची आणि तिचा पैसा पडायचा नाही. आता सोयाबीनमध्ये तणनाशक मारतात, कपाशीत मारतात, धुराही जाळून काढतात. तरोटा आणि चिवळ त्यांच्या लेखी तणच. मजुराच्या घरातला एक भाजीचा डबा असा बंद झाला, आणि त्याची नोंद कुठल्याच कागदावर झाली नाही. वर आता उरलेली रानभाजी खुडायची तर धास्ती असते, कारण कालच फवारणी झाली असेल तर? २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

यावर आरोग्याच्या शिबिरात एक ठरलेला सल्ला मिळतो: घरी परसबाग करा. सल्ला चांगला आहे, पण देणाऱ्याने आपली वस्ती पाहिलेली नसते. एका भिंतीला दोन घरं, पुढे नाली, मागे दुसऱ्याची मोरी. परसच नाही तर बाग कुठे लावायची? डब्यात कढीपत्ता आणि सांभार होईल, दारात एखादा शेवगा होईल, तो जरूर लावावा. पण पाच माणसांच्या घराची भाजी डब्यात होत नाही. तिला जमीन लागते, विहिरीचं पाणी लागतं आणि राखण लागते. हे एका घराला जमत नाही. वीस घरांना जमतं.

आणि वीस घरांनी मिळून काही करायचं तर आपल्याला काय करावं लागतं हे नव्याने शिकायला नको. जयंतीची वर्गणी आपण दरवर्षी काढतो. विहाराचं बांधकाम वर्गणीतून झालं. पावतीपुस्तक कसं ठेवायचं, कोण बुडवतो, कोण दुप्पट देतो, हिशेब फळ्यावर कसा लिहायचा, हे पोरासोरांना माहीत आहे. तीच वर्गणी भाजीसाठी काढायची. पेरणीच्या आधी वीस घरांनी ठरावीक रक्कम द्यायची, त्या पैशातून एका लहान शेतकऱ्याने आपल्यासाठी भाजी लावायची, आणि हंगाम संपेपर्यंत दर आठवड्याला निघेल त्या भाजीचे वीस वाटे करायचे. जास्त निघाली तर सगळ्यांना जास्त, कमी निघाली तर सगळ्यांना कमी. शेतकऱ्याला पेरणीलाच पैसा मिळतो, सावकाराकडे जावं लागत नाही, गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. आपल्याला सकाळी तोडलेली भाजी संध्याकाळी मिळते, आणि तिच्यावर काय फवारलं ते डोळ्यांनी पाहता येतं.

असं जगात बऱ्याच ठिकाणी चालतं. जपानमध्ये १९७० च्या दशकात शेतातल्या विषारी औषधांना घाबरलेल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट करार केले, त्याला ते तेइकेई म्हणतात. मुंबईत 'हरी भरी टोकरी' नावाने असाच उपक्रम चालला: आगाऊ पैसे भरलेल्या घरांना आसपासच्या शेतकऱ्यांकडून आठवड्याची टोपली. पण ही सगळी पगारदारांची उदाहरणं. आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांची आहे, आणि ती आपल्याकडे जवळजवळ कुणी सांगत नाही.

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' वस्तीतल्या पुष्कळ पोरांनी वाचलेलं असतं. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला तो शास्त्रज्ञ अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथल्या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेत शिकवायचा आणि कपाशीने निःसत्त्व झालेल्या जमिनीत भुईमूग, रताळी, बरबटी लावा म्हणून गावोगाव सांगत फिरायचा. त्याच टस्कीगीत पुढे बुकर टी. व्हॉटली नावाचे काळे प्राध्यापक होते. काळ्या लहान शेतकऱ्यांना कर्ज मिळत नव्हतं, बाजारात भाव मिळत नव्हता, जमिनी हातातून जात होत्या. १९६० आणि ७० च्या दशकांत व्हॉटली त्यांना सांगू लागले की मोठ्या बाजाराच्या मागे लागू नका, शहरातल्या कुटुंबांना सभासद करून घ्या. सभासदाने वर्षाची फी आधी भरायची, मग शेतावर येऊन स्वतः भाजी-फळं तोडून कमी भावात न्यायची. मजुरीही वाचली आणि गिऱ्हाईकही बांधलं गेलं. त्यांनी पाळायचे नियमही घालून दिले होते: शेत पक्क्या रस्त्यावर असावं, पाण्याची सोय असावी, एकाच पिकावर भिस्त नको, रोज थोडा तरी पैसा हातात यावा, आणि ५० हजार वस्तीचं शहर ४० मैलांच्या आत असावं. ४० मैल म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर. तिवसा नागपूर-अमरावती महामार्गावर आहे आणि अमरावती त्याहून जवळ आहे. म्हणजे वस्तीचे वाटे देऊन भाजी उरली तर तिलाही वाट आहे.

दुसरी गोष्ट फॅनी लू हेमर यांची. मिसिसिपी राज्यात बटईने कसणाऱ्या घरात जन्म, वीस भावंडांत धाकट्या, सहाव्या वर्षापासून कापूस वेचणी. १९६२ मध्ये मतदार यादीत नाव घालायला गेल्या म्हणून मालकाने १८ वर्षं राबलेल्या मळ्यावरून त्यांना हाकललं. पुढे त्या नागरी हक्कांच्या लढ्यात मोठ्या पुढारी झाल्या. पण भुकेल्या माणसाला धमकावून गप्प बसवता येतं हे त्यांनी सोसलेलं होतं, म्हणून १९६९ मध्ये त्यांनी ४० एकरांवर 'फ्रीडम फार्म' नावाची सहकारी शेती सुरू केली. भेंडी, वाटाणा, शेंगा, पालेभाज्या, आणि गरीब घरांना पाळायला डुकरं. वर्गणी महिन्याला एक डॉलर.

आम्हाला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा आकडा. तो एक डॉलरही फक्त ३० कुटुंबं नियमित देऊ शकत होती. नावाला सभासद होती दीड हजार. जमीन पुढे कित्येक पटींनी वाढली, पण पैसा कमी, पूर आणि दुष्काळ, वर जमिनीचे कर, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यात ती शेती मोडली. १९७७ मध्ये हेमर वारल्या. आपण वर्गणी काढू तेव्हा हे तीस आणि दीड हजार डोक्यात ठेवूनच काढावी. पगारदाराला आगाऊ पैसे भरणं सोपं. रोजमजुरीच्या घराला जूनमध्ये पैसे मागितले तर ते कुठून देईल? जूनमध्ये शाळेची वह्या-पुस्तकं, घरावरचे टिन, आणि हाताला काम नाही. त्या महिन्यात काढलेली वर्गणी कर्ज काढूनच भरली जाईल.

म्हणून आमचं म्हणणं असं की पहिली वर्गणी पावसाळ्यात काढूच नये. ती सोयाबीनची सोंगणी झाल्यावर काढावी. तेव्हा सोंगणीचे पैसे आलेले असतात, वेचणी सुरू झालेली असते, विहिरीला पाणी असतं. शिवाय आपल्या काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून पालेभाजी सडते, हिवाळ्यात ती उत्तम येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे १६ आठवडे धरावेत.

हिशेब मांडून पाहू. २० घरं, प्रत्येकी आठवड्याला ४ किलो भाजी. आठवड्याला ८० किलो, १६ आठवड्यांत १,२८० किलो, म्हणजे जवळपास १३ क्विंटल. ओलिताच्या अर्ध्या एकरात नीट लक्ष दिलं तर हे निघावं, आणि थोडं नुकसान झालं तरी निभावावं. पाच माणसांच्या घरात माणशी रोज ११५ ग्रॅमच्या आसपास भाजी पडते. जागतिक आरोग्य संघटना भाजी आणि फळं मिळून रोज ४०० ग्रॅम खा म्हणते, त्याच्या पाव हिस्स्याहून थोडी जास्त. हे पुरेसं आहे असं आम्ही म्हणत नाही. पण ढिगातल्या मलूल मेथीपेक्षा पुष्कळ आहे.

वर्गणी समजा घरटी महिन्याला ३०० रुपये. चार महिन्यांचे १,२००, वीस घरांचे २४,००० रुपये. किलोला १९ रुपयांच्याही आत पडतं. आता ज्या घरात एकटी बाई कमावती आहे, तिला हे ३०० रुपयेही जड आहेत. तिच्यासाठी मजुरीतून वर्गणी ठेवावी. दिवसाची मजुरी ३०० धरली तर महिन्यातला एक दिवस त्या शेतात निंदण, खुडणी किंवा वाफे बांधणी, की झाली वर्गणी. शेतकऱ्याला नाहीतरी मजूर लावावेच लागतात. वीसांपैकी आठ घरांनी मजुरीतून दिली तर ३२ दिवसांचं काम होतं आणि १४,४०० रुपये रोख जमतात. इथे एक गोष्ट पक्की पाळावी: वाटा सगळ्यांचा सारखा. मजुरी देणारीला निवडून उरलेली भाजी, असं एकदा जरी झालं तर ही वर्गणी मोडली असं समजा.

गारपीट आपल्याकडे फेब्रुवारीत ठरलेलीच. तेव्हा काय करायचं ते आधीच लिहून ठेवावं. पगारदारांच्या टोपल्यांमध्ये नुकसान सभासद पूर्ण सोसतात. आपल्या घरांना ते झेपणार नाही. म्हणून जमलेल्या रोख रकमेचा पाचवा हिस्सा बचत गटाच्या खात्यात बाजूला ठेवावा. भाजी बुडाली त्या आठवड्यांत त्यातून ठोक बाजारातून एकत्र भाजी आणावी. नाही बुडाली तर हंगामाच्या शेवटी तो शेतकऱ्याला द्यावा. पावतीपुस्तक बायांच्या हातात असावं. पुरुष मंडळींना राग येईल, पण घरात भाजी किती लागते हे त्यांनी कधी मोजलं आहे का?

शेतकरी कोण, हा खरा प्रश्न. वस्तीत ज्यांच्याकडे एक-दोन एकर आहे त्यांच्यापैकी कुणी तयार झालं तर सगळ्यात बरं. आपल्यातल्या माणसाने पिकवलेलं दूध-भाजी गावात सहज विकली जात नाही, हा अनुभव अजून पुसलेला नाही. वीस घरं आधीच बांधलेली असली तर त्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. नसेल तर ओलिताचा अर्धा एकर मक्त्याने घ्यावा, आणि मक्ता तोंडी न ठेवता कागदावर करावा.

आणि ज्यांच्याकडे गुंठाभरही जमीन नाही त्यांनी सरकारची योजना तपासावी. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तुरुंग भरले. त्यांच्याच नावाने कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन मिळते. आधी यात निम्मं कर्ज होतं, २०१८ पासून पूर्ण अनुदान आहे. विधवा आणि परित्यक्ता बायांना प्राधान्य आहे. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात. विकायला तयार असलेला जमीनमालक सापडत नाही ही या योजनेची मोठी अडचण, तेव्हा आसपास कोण जमीन काढतोय याची माहिती वस्तीने मिळूनच ठेवावी.

लावायचं काय? मेथी, पालक, सांभार, मुळा आणि तांदुळजा थोडे थोडे, दर पंधरा दिवसांनी पुन्हा, म्हणजे एकदम ढीग निघून मग खडखडाट होत नाही. वांगी, टमाटर, पत्ताकोबी, गाजर. कडेने वालाच्या शेंगा आणि गंगाफळाचे वेल. धुऱ्यावर चार शेवगे आणि एक लिंबू, ते वर्षानुवर्षं देतील. तरोटा आणि चिवळ यांचं बी धुऱ्यावर टाकून ठेवलं तर पुढच्या पावसाळ्यात आईच्या काळचा डबा पुन्हा उघडेल. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवून ठेवला की उन्हाळ्यात होतो. बियाण्याची चौकशी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा घातखेडच्या कृषी विज्ञान केंद्रात करता येते.

भाजी घरी आल्यावर ती आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली की सत्त्व पाण्यात जातं. शक्य असेल तर लोखंडी कढईत करावी. जेवताना वरून लिंबू पिळावं किंवा एक संत्रं खावं. पालेभाजीतलं लोह शरीराला सहज लागत नाही, आंबटाबरोबर जास्त लागतं. आपल्या तालुक्याच्या आसपास संत्र्याचे बगीचे आहेत, बारीक संत्रं हंगामात मातीमोल जातं, आणि आपण ते पोरांना सर्दी होते म्हणून देत नाही. द्या. चहा मात्र जेवणाच्या मागेपुढे तासभर नको, तो लोह अडवतो.

दोन गोष्टी जपून. विदर्भात आणि आपल्या समाजात सिकलसेल पुष्कळ आहे. एखाद्या मुलीचं रक्त सतत कमी येत असेल, सांधे दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील तर भाजी वाढवून थांबू नका, सिकलसेलची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती होते. सिकलसेल निघाला तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पालेभाजी खायला हरकत नाही, तिच्यातलं फॉलिक अॅसिड अशा रुग्णाला कामीच येतं. दुसरं, ज्यांना किडनीचा आजार आहे किंवा वारंवार मुतखडा होतो, त्यांनी पालक, अंबाडी, टमाटर किती खायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

सोंगणीला अजून वेळ आहे, पण एक काम आत्ताच करायचं आहे. वर्षावास सुरू होतोय, ग्रंथवाचनाला बाया रोज विहारात जमतील. तिथेच वीस नावं लिहून घ्यावीत, आणि येताना प्रत्येकीने निंबोळ्या आणाव्यात. कडुनिंबाखाली आत्ता सडा पडलेला आहे, महिन्याभराने मिळणार नाही. गर काढून बिया धुवाव्यात, सावलीत वाळवून पोत्यात ठेवाव्यात. हिवाळ्यात पाच किलो वाळलेल्या निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून त्यात साबणाचा चुरा विरघळवायचा आणि १०० लिटर करायचं. हा पाच टक्के निंबोळी अर्क अर्ध्या एकराला एका फवारणीस पुरतो. तीन फवारण्या धरल्या तर पंधरा किलो, म्हणजे घरटी पाऊण किलो.